नाल्याचं पाणी नदीपेक्षा कमी चमकतं, असं कसं? नदीतले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फ्लुरोसन्सने तपासताना

प्रश्न, थोडक्यात: मी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. खडकवासल्यापासून थेऊरपर्यंत मुठा आणि पुढे मुळा-मुठेच्या पाण्यातले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फ्लुरोसन्सने, म्हणजे प्रकाश दिल्यावर पाणी परत किती उजेड सोडतं त्यावरून, तपासायचे आहेत. आठ ठिकाणं, तीन फेऱ्या, एकूण २४ नमुने. पहिल्या फेरीत २७५/३४० नॅनोमीटरवर (२७५ चा प्रकाश दिला, ३४० वर परत आलेला मोजला) बंडगार्डनच्या नदीचा आकडा ४२० आला आणि नदीला मिळणाऱ्या एका नाल्याचा ३१०. नाल्यापाशी तर उभं राहवत नव्हतं! एक सेंटिमीटर क्युव्हेटमधलं (नमुना भरायच्या चौकोनी पारदर्शक नळीतलं) शोषण नाल्याचं २७५ ला ०.५२ आणि ३४० ला ०.२०, नदीचं ०.१० आणि ०.०४. यंत्र बिघडलंय का? या पद्धतीने तीन दिवसांचं बीओडी (पाण्यातलं सेंद्रिय कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप) टाळता येईल का? आणि २४ नमुन्यांवर पॅराफॅक (मिसळलेली चमक गणिताने घटकांत सुटी करण्याची पद्धत) चालेल का?

उत्तर:

यंत्र बिघडलेलं नाही. बिघडायचं असतं तर दोन्ही आकडे बिघडले असते. शोषणाचे आकडे सोबत दिलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. बहुतेक जण ते मोजतच नाहीत आणि मग सहा महिने यंत्राला शिव्या देत बसतात.

दिव्याचा २७५ नॅनोमीटरचा झोत क्युव्हेटच्या एका भिंतीतून आत शिरतो. यंत्र बघतं ते क्युव्हेटच्या मध्यातून काटकोनात बाहेर पडणाऱ्या उजेडाकडे. म्हणजे मध्यापर्यंत अर्धा सेंटिमीटर पाणी ओलांडायचं आहे. तुमच्या नाल्याचं शोषण एका सेंटिमीटरला ०.५२, म्हणून अर्ध्याला ०.२६. शोषण १० च्या घातात मोजतात, म्हणून मध्यापर्यंत पोचेपर्यंत ५५ टक्केच प्रकाश उरला. त्यातून जी चमक ३४० वर निर्माण झाली तिलाही बाहेर पडायला अर्धा सेंटिमीटर काटायचाच आहे, तिथे आणखी वीसेक टक्के गेली. काजळी धरलेल्या कंदिलासारखं आहे हे. वात मोठी आहे, पण काच उजेड बाहेर सोडत नाही. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात.

दुरुस्ती सोपी आहे. दोन्ही शोषणांची बेरीज करा, दोनाने भागा, आणि १० चा तेवढा घात करून मोजलेल्या आकड्याला गुणा. नाल्यासाठी ०.५२ अधिक ०.२० भागिले २ म्हणजे ०.३६, १० चा ०.३६ वा घात २.२९, ३१० गुणिले २.२९ बरोबर ७१०. नदीसाठी घात ०.०७, गुणक १.१७५, आकडा सुमारे ४९३. क्रम उलटला. नाक बरोबर होतं.

तरीही हे ७१० मी प्रबंधात थेट छापणार नाही. सूत्र शोषण कमी असतानाच निर्धास्तपणे वापरावं. माझा हात २५४ नॅनोमीटरला शोषण ०.३ च्या वर गेलं की पातळ करण्याकडे वळतो. गणिताने उजेड परत आणण्यापेक्षा अतिशुद्ध पाण्याने नमुना दहापट पातळ करणं केव्हाही चांगलं. तुमच्या नाल्यासाठी दहापट पातळ नमुना किती वाचायला हवा हे आधीच काढून ठेवता येतं. त्याकडे शेवटी येतो.

आता मूळ मुद्दा. हे तंत्र नेमकं काय बघतं?

पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांची यादी करता येत नाही, हजारो रेणू असतात. 'विरघळलेले' ही व्याख्यासुद्धा कामचलाऊ आहे: ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे खाली उतरलं ते. त्या हजारोंपैकी काहींनाच अतिनील प्रकाश दिला की ते जास्त लांबीच्या तरंगात परत उजेड सोडतात. मुख्यतः ज्यांच्या रचनेत बेंझीनसारखी वलयं आहेत ते. म्हणजे फ्लुरोसन्स हे सगळ्या सेंद्रियाचं वजन नाही, त्यातल्या चमकणाऱ्या मंडळींची हजेरी आहे. कोण आलंय हे चांगलं कळतं. किती आलंय हे अंदाजाने. आणि जे चमकतच नाहीत ते आले की नाही, याचा पत्ताच लागत नाही.

वेगवेगळ्या तरंगलांब्या देऊन प्रत्येकीला येणारं उत्सर्जन नोंदवलं की डोंगराळ प्रदेशाच्या समोच्चरेषांच्या नकाशासारखं चित्र तयार होतं. त्यातल्या शिखरांना पॉला कोबल यांनी १९९६ च्या समुद्राच्या पाण्यावरच्या कामात अक्षरं दिली, ती आजही चालतात. सी म्हणजे ३५० च्या आसपास उत्तेजन आणि ४२० ते ४८० ला उत्सर्जन: पालापाचोळा कुजून माती होताना निघणारे ह्युमिक पदार्थ. ए म्हणजे २६० ला उत्तेजन, तेच कुटुंब. एम म्हणजे ३१२ ला उत्तेजन आणि ३८० ते ४२० ला उत्सर्जन, त्या वेळी समुद्राचं मानलं गेलं, पण नदी-तलावातही सूक्ष्मजीवांच्या उलाढालीतून ते दिसतं. टी म्हणजे २७५/३४०, ट्रिप्टोफॅनसारखं. बी म्हणजे २७५/३१०, टायरोसिनसारखं. ही दोन्ही प्रथिनांतली अमिनो आम्लं.

'सारखं' हा शब्द प्रबंधात कधी गाळू नका. टी शिखर म्हणजे ट्रिप्टोफॅन नव्हे. प्रथिनांत अडकलेलं ट्रिप्टोफॅन, इंडोल, काही फिनॉल, डिझेलच्या तवंगातली नॅप्थॅलीनसारखी दुहेरी वलयं, सगळी त्याच परिसरात उजळतात. गॅरेजच्या ओळीखालून येणाऱ्या ओढ्यात टी दिसलं की संडास शोधत फिरू नये.

बी शिखराबद्दल माझं मत कडक आहे: सोडून द्या. पाणी स्वतःही प्रकाश विखुरतं, त्याला रामन विखुरण म्हणतात. २७५ चं उत्तेजन असेल तर पाण्याची रामन रेषा साधारण ३०३ नॅनोमीटरला पडते. म्हणजे बी शिखर बरोबर पाण्याच्याच सावलीत बसलेलं. नमुन्यातून कोऱ्या (अतिशुद्ध) पाण्याच्या वाचनाची वजाबाकी जराशी हलली की टायरोसिन जन्माला येतं किंवा मरतं. टी मात्र ३४० ला, मोकळ्यावर आहे.

हीच रामन रेषा एका कामाला मात्र सोन्यासारखी आहे. तुमचे ४२० आणि ३१० हे कसले आकडे आहेत? तुमच्या दिव्याच्या, तुमच्या स्लिटच्या (प्रकाशाच्या फटीच्या), त्या दिवसाच्या व्होल्टेजच्या मनमानी एककातले. पुढच्या फेरीत दिवा थोडा म्हातारा झालेला असेल आणि नदी आपोआप 'स्वच्छ' झालेली दिसेल. म्हणून रोज सकाळी अतिशुद्ध पाणी भरून ३५० उत्तेजनावर रामन शिखर घ्या. ते ३९७ च्या आसपास येतं. ३७१ ते ४२८ पर्यंतचं क्षेत्रफळ काढा आणि दिवसभराचे सगळे आकडे त्याने भागा. मग ते रामन एककात येतात आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशेजारी बसू शकतात. हे क्षेत्रफळ एका वहीत तारखेनिशी लिहीत जा. दिवा कधी बदलायचा हे विक्रेत्याआधी ती वही सांगते.

दुसरा मार्ग क्विनाइन सल्फेटचा, सौम्य गंधकाम्लात. स्टोक्स यांनी १८५२ मध्ये ज्या द्रावणाच्या निळ्या झाकेवर काम करून या घटनेला नाव दिलं, ते क्विनाइनचंच. मलेरियाचं कडू औषध पावणेदोनशे वर्षं फ्लुरोसन्सवाल्यांच्या कपाटातून हललेलं नाही.

नमुना घेण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मे प्रबंध इथेच वाया जातात.

बाटल्या काचेच्या, तपकिरी. धुवायला कपड्याची किंवा भांड्याची पावडर अजिबात नको. एका प्रयोगशाळेत आमच्या कोऱ्या पाण्यात सलग तीन दिवस एक गोंडस शिखर येत होतं, ३६० च्या आसपासच्या उत्तेजनाला निळं उत्सर्जन. यंत्र उघडून झालं, पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राची काडतुसं बदलून झाली. शेवटी कळलं की बाटल्या धुणाऱ्या मावशींनी, कामात चोखपणा म्हणून, 'पांढरेशुभ्र' करणारी पावडर वापरली होती. त्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात. सदरा पांढरा दिसावा म्हणून अतिनील शोषून निळा उजेड सोडायचा, हेच त्यांचं काम. तेव्हापासून आमच्याकडे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, मग अतिशुद्ध पाणी, आणि प्रत्येक धुतलेल्या खेपेतली एक बाटली कोरी मोजून बघायची.

गाळणी शक्यतो ग्लास फायबरची, भट्टीत ४५० अंशांना चार तास भाजलेली. मेम्ब्रेन वापरणार असाल तर त्यातून स्वतःचं सेंद्रिय झिरपतं. आधी अतिशुद्ध पाणी आणि मग नमुन्याचाच थोडा भाग गाळून फेकून द्या. पण २४ नमुन्यांना एकच प्रकारची गाळणी, मधे बदल नको. गाळणं जमलं तर नदीकाठीच, नाहीतर त्याच संध्याकाळी. मग अंधारात, ४ अंशांना, आणि ४८ तासांच्या आत मोजणी. आम्ल घालून टिकवायचं नाही, त्याने चमक बदलते. आम्ल घातलेली वेगळी बाटली डीओसीसाठी, म्हणजे विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजण्यासाठी. गोठवूही नये, विशेषतः टी शिखर त्यात भरवशाचं राहत नाही.

मोजताना नमुना खोलीच्या तापमानाला आलेला हवा. तापमान वाढलं की फ्लुरोसन्स दर अंशाला साधारण एक टक्का, टी शिखराचं त्याहून थोडं जास्त, घटतं. फ्रीजमधून थेट काढलेला नमुना वीस अंश थंड असतो आणि तेवढा जास्त चमकतो, शिवाय क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं ते वेगळंच. क्युव्हेट क्वार्ट्झचा, चारही बाजू पारदर्शक असलेला. दोन बाजू खरखरीत असलेला शोषणाचा क्युव्हेट फ्लुरोमीटरमध्ये घालणारे विद्यार्थी दर वर्षी एक तरी भेटतात.

आता तुमचा खरा प्रश्न, बीओडी.

बीओडी टाळायची इच्छा मी समजू शकतो. आपल्याकडे ते २७ अंशांना तीन दिवस चालतं, म्हणजे सोमवारी घाण सुटली तर आकडा गुरुवारी. टी शिखर दहा मिनिटांत. आणि दोन्हींत नातं आहे यात शंका नाही. इंग्लंडमध्ये अँडी बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांवर २००० नंतरच्या दशकात हे सविस्तर दाखवलं: टी वाढलं की बीओडी वाढलेलं. त्यात जादू नाही. मैलापाण्यात प्रथिनं आणि ती खाणारे जिवाणू दोन्ही असतात, आणि दोघंही टी शिखरात उजेड टाकतात.

पण बीओडीची प्रयोगशाळा आपली पद्धत बरोबर चालली आहे का हे कशावर तपासते? ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्लाच्या द्रावणावर. २० अंश, पाच दिवसांच्या मूळ पद्धतीत त्याचं उत्तर लिटरला १९८ मिलिग्रॅम, अधिक-उणे ३०.५, यायला हवं. तेच द्रावण तुमच्या फ्लुरोमीटरमध्ये घाला. काहीही दिसणार नाही. ग्लुकोज चमकत नाही, ग्लुटामिक आम्लही चमकत नाही. ज्या द्रावणावर बीओडीची परीक्षा घेतात ते फ्लुरोसन्सच्या दृष्टीने निव्वळ पाणी आहे.

ही पुस्तकी अडचण वाटत असेल तर थेऊरच्या पुढे भीमेच्या खोऱ्यात जा. उसाचा पट्टा. साखर कारखान्यातून गळणाऱ्या गोड पाण्यात साखर असते. नदीतला प्राणवायू ती बघताबघता संपवते, मासे वर येतात, आणि टी शिखर जवळपास जागचं हलत नाही. त्याच आवारात डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) उलट वागतं: काकवीसारखं काळपट, मेलॅनॉइडिन या तपकिरी रंगद्रव्यांनी भरलेलं, ह्युमिकसारखं चमकणारं, आणि शोषण इतकं की पातळ न करता घातलं तर आकडा जवळपास शून्य. तुमच्या नाल्याचीच गोष्ट, पण शंभरपट. दूध डेअरीचं पाणी तिसऱ्या तऱ्हेचं. दुधातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन भरपूर, त्यामुळे विष्ठेचा थेंब नसताना टी आभाळाला भिडतं.

आणखी दोन फरक आहेत. बीओडी बहुधा न गाळलेल्या पाण्याचं करतात, त्यात तरंगणारा मैला येतो. तुम्ही गाळून मोजता, म्हणजे तो भाग गाळणीवरच राहिला. दुसरा फरक क्लोरिनचा, आणि तो माहीत नसल्याने फसगत होते. मैलाशुद्धीकरण केंद्राच्या शेवटी क्लोरिन देतात. क्लोरिन चमकणाऱ्या वलयांवर आधी तुटून पडतो. टी कोसळतं, डीओसी मात्र जवळपास तेवढंच राहतं. फक्त टी बघणारा म्हणेल, काय सुंदर शुद्धीकरण! म्हणून केंद्राच्या मुखाखालचा नमुना घेताना शिल्लक क्लोरिन मोजा, आणि असेल तर तो नमुना इतरांबरोबर एका आलेखात घालू नका.

तेव्हा बीओडी टाळता येईल का? कायदेशीर कामासाठी नाही. आंघोळीयोग्य पाण्याला बीओडी ३ मिलिग्रॅमच्या आत हवं असा निकष आहे, तो टी शिखरात कुणी लिहिलेला नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळासमोर रामन एककं घेऊन जाता येत नाही. पण कुठे आणि केव्हा नमुना घ्यायचा हे ठरवायला टी इतकं स्वस्त आणि चपळ दुसरं काही नाही. आठ ठिकाणांऐवजी ऐंशी ठिकाणी टी घ्या, त्यातल्या जिथे उडी दिसते त्या दहा ठिकाणी बीओडी करा. तुमच्याच नदीसाठी दोन्हींचं समीकरण बांधायचं असेल तर किमान तीस-चाळीस जोड्या हव्यात, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या दोन्ही, आणि काही जोड्या समीकरण बांधताना बाजूला ठेवून शेवटी त्यांच्यावर ते तपासायला हवं. लंडनचं किंवा दिल्लीचं समीकरण उचलून मुठेवर लावू नये.

मुठेवर हे तंत्र कसं वागेल, याचा अंदाज देतो, म्हणजे तुमचे आकडे आले की कशाने दचकायचं आणि कशाने नाही हे कळेल. नकाशा म्हणून एक गोष्ट लक्षात घ्या: पावसाळा सोडला तर खडकवासल्याच्या खाली धरणाचं पाणी नदीत फारसं सोडलं जात नाही. ते कालव्याने आणि नळाने जातं. उन्हाळ्यात म्हात्रे पुलाखाली जे वाहतं ते बहुतांशी शहरानेच वापरून परत दिलेलं पाणी, थोडं शुद्ध केलेलं, थोडं तसंच. त्यामुळे खडकवासल्याच्या जलाशयात ए आणि सी ही मंद शिखरं दिसतील, टी त्याहून खाली. विठ्ठलवाडीपासून टी वर येऊ लागेल. संगमाला मुळा येऊन मिळते, तीही आधी पवना पोटात घेऊन, म्हणजे तिथे दोन वेगळ्या कहाण्या मिसळतात. संगमाच्या आधी दोन्ही नद्यांचा एकेक नमुना नसेल तर बंडगार्डनच्या आकड्याचं श्रेय कुणाला द्यायचं हे कळणार नाही. तुमच्या आठांत दापोडीच्या खालचा मुळेचा नमुना नसेल तर एक ठिकाण कमी करा, पण तो घ्या.

एकटं टी बघण्यापेक्षा टी आणि सी यांचं गुणोत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं. दिवा, स्लिट, पातळपणा, बरंच काही त्यात कटून जातं. ताज्या मैलापाण्यात टी सीच्या वर असतं, जंगलातून आलेल्या पाण्यात खाली. पण सीवरही डोळे मिटून विश्वास नको, कारण ते मघाचे ऑप्टिकल ब्राइटनर. शहरी नाल्यात कपडे धुतलेलं पाणी असतंच, आणि त्यांची चमक सी शिखराच्या अंगणात पडते. ओळखायची युक्ती सोपी: क्युव्हेटमधला नमुना अतिनील दिव्याखाली पाच-दहा मिनिटं ठेवून पुन्हा मोजा. ब्राइटनर झपाट्याने विझतात, ह्युमिक पदार्थ हळू. घट मोठी असेल तर तुमच्या 'पालापाचोळ्यात' धुण्याचं पाणी आहे. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की सगळे फोटो काढतात. तेव्हा एक बाटली भरून हा प्रयोग करून बघा, फोटोपेक्षा जास्त बोलेल.

उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे साचलेल्या, हिरव्या पडलेल्या पाण्यात टी आणि एम दोन्ही शेवाळामुळेही वाढतात. उजनीच्या फुगवट्यात तर टीचा मोठा भाग शेवाळाचा असू शकतो. क्लोरोफिल सोबत मोजलं असेल तर वाद मिटतो. जलपर्णीच्या गालिच्याखाली कुजणारी मुळं सी वाढवतात.

जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसात पाणी लाल-तांबडं होतं आणि विद्यार्थ्यांना वाटतं सेंद्रिय वाढलं. तो रंग बहुतांशी गाळाचा, गाळणीवर राहतो. खाली उतरलेलं पाणी फिकट असतं, आणि त्यात सी खरंच वाढलेलं दिसतं, जमिनीवरचा वर्षभराचा कुजका पाला धुऊन आल्यामुळे. मग ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग सुटला की टी धाडकन खाली येतं. नदी शुद्ध झाली असं लिहू नका, पातळ झाली. प्रवाहाने गुणलं तर थेऊरजवळून जाणारा भार कदाचित मे महिन्यापेक्षा जास्त निघेल. जलसंपदा विभागाचे विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये मिळतात. एका घनमीटरला ३५.३ घनफूट, एवढा हिशेब करा.

वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. घरगुती नाल्यात सकाळी आंघोळी, धुणी, भांडी यांची लाट येते आणि दुपारी ओसरते. एका वसतिगृहाच्या नाल्यावर आम्ही चोवीस तास, दर तासाला नमुने घेतले होते. सकाळच्या आणि पहाटे तीनच्या नमुन्यांत टी इतकं वेगळं होतं की दोन नाले वाटावेत. तुमची पहिली फेरी खडकवासल्याला सकाळी आठला सुरू होऊन थेऊरला संध्याकाळी पाचला संपली असेल, तर अंतर आणि वेळ यांची खिचडी झाली आहे. एक ठिकाण निवडा, बंडगार्डन सोयीचं आहे, आणि तिथे एकदा तरी दिवसभर बसा.

पॅराफॅकचं उत्तर एका ओळीत: २४ नमुन्यांवर नको. ते गणित एकावर एक चढलेली शिखरं सुटी करतं, पण त्यासाठी नमुने अर्धे-अर्धे करून दोन्ही अर्ध्यांतून तेच घटक निघतात हे दाखवावं लागतं, आणि बारा-बारा नमुन्यांत ते बहुधा नशिबाने जमतं. पुढे नमुने वाढले तर मॅटलॅबमधलं ड्रीम किंवा आर भाषेतलं स्टारडॉम ही मोफत साधनं आहेत. आत्ता शिखरं हाताने निवडा, गुणोत्तरं काढा. तुमच्या मार्गदर्शकांना निर्देशांक हवे असतील तर ह्युमिफिकेशन इंडेक्स (सेंद्रिय किती कुजून ह्युमिक झालं याचा अंदाज) द्या. जुना फ्लुरोसन्स इंडेक्स, ३७० उत्तेजनावर ४५० आणि ५०० मधलं गुणोत्तर, १.४ म्हणजे माती आणि १.९ म्हणजे सूक्ष्मजीव असं वाचलं जातं, पण तो मूळचा स्वच्छ पाण्यांसाठी होता. मैलापाणी आणि ब्राइटनर मिसळलेल्या नदीत तो काहीतरी आकडा देतो, अर्थ देईलच असं नाही.

नदीत टाकायच्या सेन्सरबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण विभागात कुणीतरी सुचवणारच. बाजारात एफडॉम (चमकणारे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ) नावाने जे सेन्सर जास्त मिळतात ते ३६५ च्या आसपास उत्तेजन देऊन ४८० जवळ वाचतात. म्हणजे सी. सांडपाण्यासाठी २८० च्या आसपास एलईडी असलेला ट्रिप्टोफॅनवाला सेन्सर लागतो, तो महाग. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश-भारतीय अभ्यासात बिहारमधल्या हातपंपांच्या भूजलावर असा सेन्सर वापरून विष्ठेचा माग काढला होता. भूजल निर्मळ, तिथे तो छान चालतो. जुलैतल्या गढूळ मुठेत गाळच उजेड अडवतो आणि वर कवडीएवढं शेवाळ काचेवर चढलं की आठवड्यात आकडे सरकू लागतात.

आता तो नाला. बाटली अजून अंधारात थंड असेल आणि दोन दिवसांच्या आतली असेल तर तीच, नाहीतर त्याच वेळेला नवी घ्या. एक भाग नमुना, नऊ भाग अतिशुद्ध पाणी. शोषण दहापट कमी होऊन ०.०५२ आणि ०.०२० यायला हवं, म्हणजे दुरुस्तीचा गुणक फक्त १.०९. दुरुस्त आकडा ७१० खरा असेल तर पातळ नमुन्याचं वाचन ६५ च्या आसपास येईल. अतिशुद्ध पाण्याचं वाचन वजा करायला विसरू नका, इतक्या खालच्या आकड्यात ते जाणवतं. ६५ च्या जवळ आलं तर दुरुस्ती बसली. ८० च्या वर आलं तर मूळ नमुन्यात आणखी काहीतरी चमक विझवत होतं, बहुधा धातू. लोह आणि तांबं दोघंही ते करतात, आणि तुमचा नाला एखाद्या प्लेटिंगच्या शेडमागून येतो का ते एकदा चालत जाऊन बघा. ५० च्या खाली आलं तर आधी पिपेट तपासा.